नवी गिटार, जुनी गिटार आणि एक कूलर

दुकान बंद करून बरीच वर्षं झाली, तरी माणसं मला सोडत नाहीत. मी भाजी घेत असतो, मेथीची जुडी हातात असते, आणि कुणीतरी मोबाइल नाकासमोर धरतं. "भाऊ, एक मिनिट. ही बघा बरं. एकानं विकायला टाकलीय. घेऊ का, की सरळ नवीच घेऊ?" फोटोत एक गिटार सोफ्यावर आडवी पडलेली असते. मी म्हणतो, फोटोवरून गिटार कळत नाही. तो म्हणतो, तरी अंदाजे सांगा. मग मी अंदाजे काहीतरी सांगतो आणि पुन्हा मेथीकडं वळतो.

खरं सांगायचं तर आता मला कुणी काही विचारू नये असंच वाटतं. क्रांती चौकाच्या मागच्या गल्लीत माझं दुकान होतं. पेटी, तबला, ढोलकी सगळंच ठेवायचो, पण नाव झालं ते गिटारींमुळं, त्यातही जुन्या गिटारींमुळं. "जुनी घ्यायची तर भाऊकडून घे, तो फसवत नाही," असं सगळं औरंगाबाद म्हणायचं. आता शहराचं नाव बदललंय, पण माझी जुनी गिऱ्हाईकं अजून औरंगाबादच म्हणतात आणि माझ्याही तोंडात तेच बसलंय. तर त्या नावाचा मला लई अभिमान होता. तो कसा उतरला ते सांगायचंय, पण आधी थोडं धंद्याविषयी सांगतो. त्याशिवाय पुढचं कळायचं नाही.

नवी गिटार घेण्यात एक सुख असतं, ती आधी कुणाची नसते. पण बेतात बसणारी नवी गिटार बहुधा प्लायवूडची असते. दिसते झकपक, वाजते डब्यासारखी. तारा इतक्या उंच बसवलेल्या असतात की शिकणाऱ्याची बोटं सोलून निघतात. तीन महिन्यांत हौस फिटते आणि गिटार कपाटावर जाते. दोन वर्षांनी तीच माझ्याकडं विकायला यायची, वरती धुळीचा थर आणि मालकाच्या तोंडी एकच वाक्य, "एकदम नवीच आहे हो, वाजवलीच नाही." मी म्हणायचो, तोच तर तिचा दोष आहे. जुनी घ्यायची तर वाजवलेली घ्यावी. वाजवून वाजवून लाकूड मोकळं होतं आणि वाजवणाऱ्यानं ती जपलेलीही असते.

जुनी बघायची कशी, तर एक डोळा मिटून तिच्या मानेवरून नजर टाकायची. मान धनुष्यासारखी वाकली असेल तर खाली ठेवायची. मग घोडी, म्हणजे तारा जिथं अडकवतात ती खालची लाकडी पट्टी. तिच्याखाली पोस्टकार्ड सरकलं तर ती सुटत आलीय. मग खुंट्या फिरवून बघायच्या, मानेवरचे धातूचे पडदे झिजलेत का बघायचं. आणि सगळ्यात शेवटी, जिथं मान संपते आणि डोकं सुरू होतं, ती जागा. गिटार पडली की तिथंच मोडते. तिथं बोट फिरवल्याशिवाय जुनी गिटार घेऊ नये.

त्यात आपल्याकडची हवा. एप्रिल-मे महिन्यात ऊन असं कोरडं पडतं की लाकूड आक्रसतं. त्यात घरात वाळ्याचा कूलर लावला की ओली हवा. दिवसभर फुगायचं, रात्री आक्रसायचं, असं करून करून सांधे सैल होतात. हे सगळं खरं आहे. ते खरं आहे म्हणूनच मला पुढं त्याचा आधार घेता आला.

हे शिकवलं मला चाचांनी. चाचा म्हणजे माझे उस्ताद, पेट्या दुरुस्त करणारे. पोलीस ॲक्शननंतर शहरातली बरीच बडी घरं हैदराबादकडं गेली, जाताना वाद्यं विकून गेली. ती चाचांच्या वडिलांनी घेतली, नीट केली, विकली. जुन्या मालाचा धंदा त्या घरात तिथून सुरू झाला. मी करमाडचा, शेतकऱ्याचा मुलगा. शिक्षणात डोकं चालत नव्हतं आणि हात चालत होते, म्हणून चाचांच्या हाताखाली लागलो. पुढं त्यांचं वय झालं तसं दुकान मी चालवायला घेतलं.

चाचांची एक रीत होती. जोड झाकायचा नाही. वाद्य कुठं मोडलं असेल, सांधलं असेल, तर तिथं पॉलिश मारून ते लपवायचं नाही, सांध्याची रेघ दिसू द्यायची. आणि विकताना गिऱ्हाईकाचं बोट धरून त्या रेघेवर ठेवायचं. "देखो, यहाँ टूटी थी. मैंने जोडी. अब लेना है तो लो, नै तो नै." मला आधी वाटायचं, म्हातारा धंद्याचा सत्यानाश करतोय. पण बोट ठेवलेलं गिऱ्हाईक सहसा परत जात नसे. उलट निर्धास्त होऊन घ्यायचं. वीस वर्षं मी ती रीत पाळली, माझं नाव झालं ते तिच्यामुळं.

गिऱ्हाईकं नाना तऱ्हेची यायची. आमच्या करमाडचे एक पाहुणे नातीसाठी गिटार घ्यायला आले. मी नवी दाखवली, जुनी दाखवली. त्यांनी जुनी उचलली, बाजारात गोऱ्हा बघावा तशी चहूबाजूंनी बघितली आणि म्हणाले, "मालकानं कामून इकली? जनावर कुणी उगं इकत नाय."

"त्याला पुण्याला नोकरी लागली, काका."

"मंग संगं न्यायची. इकली म्हंजी कायतरी खोड आसंल."

मी त्यांचं बोट धरून घोडीखालच्या सांध्यावर ठेवलं. म्हणालो, ही खोड. ते खूश. "आता कसं! खोड कळली म्हंजी भ्याव नाय." घेऊन गेले. दसऱ्याच्या आदल्या दिवशी पुन्हा हजर. "हिला तारा नव्या टाक. उंद्या पूजेला मांडायची हाये. तारा नव्या आसल्या म्हंजी नवीच झाली का नाय?" मी म्हटलं, झाली. असा सगळा आमचा कारभार.

आता वसुधाबाईंकडं येतो. त्यांच्याबद्दल लिहायचं मी इतकी वर्षं टाळलं.

वसुधाबाई मुलींच्या एका शाळेत गाणं शिकवायच्या. तेव्हा तिशीच्या असतील. बारीक अंगाच्या, हळू बोलणाऱ्या, पण मनात घेतलं ते सोडायच्या नाहीत. पडेगावच्या बाजूला दोन खोल्यांचं घर, घरी त्या आणि त्यांची आई. गिटार त्या छावणीतल्या एका मैत्रिणीकडून शिकल्या होत्या, तिचीच गिटार मागून आणून सराव करायच्या. शाळेत पेटीवर गाणी व्हायची. यांच्या मनात होतं, मुलींना गिटार शिकवावी, शाळेत तिचा वर्ग असावा. मुख्याध्यापिका म्हणाल्या, महाराष्ट्र दिनाला, एक मे रोजी, समूहगीतांची स्पर्धा आहे, तिथं तुमची गिटार वाजवून दाखवा. मुलींचं गाणं चांगलं झालं तर जूनपासून वर्ग सुरू करा, नाहीतर पेटी आहेच. वसुधाबाईंनी स्वतःची गिटार घ्यायची ठरवलं ती यासाठी.

गुढीपाडव्याच्या आधीच्या दोन आठवड्यांत त्या चारदा दुकानात आल्या. दरवेळी तोच प्रश्न, "भाऊ, नवी घेऊ की जुनी?" त्यांच्या ऐपतीत दोनच गिटारी बसत होत्या. एक नवी, प्लायवूडची, लाल चकचकीत. दुसरी जुनी, एका ऑर्केस्ट्रावाल्याची, अखंड लाकडाची. तिचा आवाज असा होता की ती वाजली की दुकानातली बाकीची माणसं बोलायची थांबायची.

ती ऑर्केस्ट्रावाल्याची गिटार माझ्याकडं डोकं मोडून आली होती. प्रवासात पडली, मानेपाशी दोन तुकडे. अशा मोडीला नुसता सरस लावून भागत नाही. सरस लावून घट्ट आवळून ठेवायचं आणि मग आरपार खाचा पाडून लाकडाच्या दोन पट्ट्या आत बसवायच्या, तेव्हा ती तारांचा ताण सोसते. पट्ट्या बसवायला तीन-चार दिवस जातात. पाडवा तोंडावर होता, दुकानात गर्दी होती. मी सरस लावला, आवळली, वाळली. सांधा इतका बेमालूम बसला की मीच चाट पडलो. मला वाटलं, पट्ट्यांची गरज नाही. आणि एवढं सुंदर काम झालंय, तर त्याला गालबोट लावणारी रेघ कशाला ठेवायची? मी चपड्याचं गडद पॉलिश केलं. रेघ नाहीशी झाली.

चाचांना तेव्हा दिसणं जवळजवळ बंद झालं होतं. अधूनमधून येऊन दुकानात बसायचे. त्यांनी ती गिटार हातात घेतली, मानेवरून अंगठा फिरवला आणि त्या जागी थांबवला.

"छुपाया तूने," म्हणाले.

"चाचा, काम अच्छा हुआ है."

"काम अच्छा है. इसलिए बोल रहा हूँ. अच्छा काम है तो छुपाया काय को?"

मी गिटार त्यांच्या हातातून घेऊन पुन्हा खुंटीला टांगली. 

पाडव्याच्या आदल्या दिवशी वसुधाबाई आईला घेऊन आल्या. आई म्हणजे मोठ्या गमतीच्या बाई, अंगानं स्थूल, पदरानं वारा घेत दुकानात शिरल्या. "अहो भाऊ, तो पंखा इकडं वळवा आधी. मला मेलीला उकाडा म्हणजे जीव नको होतो. या वसूनं मागच्या वर्षी कूलर घेतला म्हणून जगले, बघा." मी पंखा त्यांच्याकडं वळवला. मग त्या लाल गिटारकडं बोट दाखवून म्हणाल्या, "ही घे. पाडव्याला कुणी वापरलेली वस्तू घेतं का गं?"

"आई, आवाज ऐक आधी." बाईंनी जुनी वाजवली. आई ऐकत राहिल्या, मान डोलावली, पण म्हणाल्या, "छानच आहे. तरी मी म्हणेन, नवी ती नवी. हिचं मागचं आपल्याला काय ठाऊक?"

तेव्हा वसुधाबाईंनी माझ्याकडं वळून सरळ विचारलं, "भाऊ, हिच्यात काही दोष नाही ना?"

मी त्या क्षणाचा पुष्कळ विचार केलाय. माझ्या मनात पाप नव्हतं असं मी स्वतःला सांगायचो. मला वाटलं, मोडलेली आहे म्हटलं तर म्हातारी घाबरेल, आणि बाई तो लाल डबा घेऊन जातील. त्यांच्या हाताला चांगली गिटार मिळायला हवी होती. हे खरं आहे. आणि बाईमाणसाचं बोट कसं धरायचं, अशीही एक सबब मी मनात तयार ठेवली होती. जणू बोट धरल्याशिवाय तोंडानं सांगताच येत नाही. पण या सगळ्याच्या तळाशी दुसरंच होतं. मला माझं ते बेमालूम काम मोडायचं नव्हतं. जोड आहे म्हणून सांगितलं की तो दिसायला लागतो.

मी म्हणालो, "बाई, डोळे झाकून घ्या."

एक मेच्या स्पर्धेत दुसऱ्या कडव्याला गिटारचं डोकं सुटलं. मी तिथं नव्हतो, पण नंतर इतक्या जणांकडून ऐकलंय की मी पाहिल्यासारखंच आहे. कडाड आवाज झाला, तारा ढिल्या पडल्या, डोकं तारांना लोंबकळत राहिलं. मुली सूर सोडून थांबल्या. दोघी-तिघी रडायला लागल्या, प्रेक्षकांत कुणी हसलं. पेटी नेलेली नव्हती, त्यामुळं गाणं तिथंच संपलं.

दुसऱ्या दिवशी वसुधाबाई आल्या. गिटार चादरीत गुंडाळलेली. दुकानात तीन-चार गिऱ्हाईकं होती, त्यांत दुसऱ्याच एका ऑर्केस्ट्राचा म्होरक्या चार वाद्यं एकदम घ्यायला आलेला. बाईंनी चादर सोडली. मी एका नजरेत ओळखलं. ताजं मोडलेलं लाकूड कुसळासारखं उभं राहतं. हे तसं नव्हतं. सरसाची रेघ होती तिथंच स्वच्छ उघडलं होतं. माझा जोड सुटला होता, दुसरं काही नाही. दोन पट्ट्या बसवल्या असत्या तर सुटला नसता.

बाईंच्या चेहऱ्यावर राग नव्हता. राग असता तर कदाचित मी बोललो असतो. त्यांनी हळूच विचारलं, "भाऊ, असं कसं झालं असेल?"

सगळे बघत होते. मी गिटार उलटीसुलटी केली आणि विचारलं, "बाई, घरी कूलर आहे ना?"

"आहे."

"गिटार त्याच खोलीत असते?"

"हो. कॉटशेजारी. आईच्या खोलीतच मुली सरावाला यायच्या." मग त्याच म्हणाल्या, "म्हणजे कूलरची ओल लागली का तिला?"

मी नुसतं "हं" केलं.

"म्हणजे माझीच चूक," त्या म्हणाल्या.

आणि मी काय म्हणालो असेन? मी म्हणालो, "असू द्या बाई, होतं असं." म्हणजे मी त्यांना माफ केलं. तो म्होरक्या मागून म्हणाला, "भाऊनं एका नजरंत ओळखलं बगा, वा." माझ्या नावाला धक्का लागला नाही, उलट ते थोडं वाढलंच.

मी गिटार ठेवून घेतली. या वेळी पट्ट्या बसवल्या, सांध्याची रेघ उघडी ठेवली आणि पैसे घेतले नाहीत. बाई म्हणाल्या, "तुम्ही फार चांगले आहात हो." चाचांनी एकदा विचारलं, "उसको बोला, जोड का?" मी म्हणालो, बोला. ते त्याच वर्षी गेले. त्यांना खोटं कळलं होतं की नाही, मला माहीत नाही.

शाळेतला वर्ग सुरू झालाच नाही. मुख्याध्यापिका म्हणाल्या, पेटीच बरी. वसुधाबाई मग घरीच मुलींना शिकवायला लागल्या. आणि त्यांच्या शिकवणीतल्या मुली गिटार घ्यायला माझ्याकडं यायला लागल्या. दरवर्षी परीक्षा संपल्या की चार-दोन मुली आईबापांना घेऊन हजर. "बाईंनी सांगितलंय, नवी घ्यायची की जुनी ते भाऊंना विचारा. ते सांगतील ते खरं." गिटार घेतली की मुली घोकल्यासारखं म्हणायच्या, "कूलरच्या खोलीत ठेवायची नाही." पहिल्यांदा मी हसलो. नंतर नंतर ते वाक्य यायच्या आधीच मी आतल्या खोलीत काहीतरी आणायला जायचो. चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते असं.

पुढं मी दुकानात एक पाटीच लावली, "गिटार कूलरपासून दूर ठेवा." सल्ला बरोबरच होता. लोक म्हणायचे, बघा, किती बारीक विचार करतो माणूस.

एकदा एका मुलीचे वडील सहज म्हणाले, "बाईंचं घर म्हणजे मेमध्ये भट्टी असते हो. कूलर विकून टाकलाय म्हणे गिटारसाठी. पोरी घामानं निथळत वाजवतात." माझ्या हातातलं काम थांबलं. त्या दिवशी मी ठरवलं, जाऊन सांगायचं. गेलो नाही. मग वाटलं, आता इतकी वर्षं झाली, कशाला उकरायचं. दरवर्षी उन्हाळ्यात ठरवायचो आणि पावसाळा आला की विसरायचो. त्यांची आई गेल्याचं एका मुलीकडून कळलं. भेटायलासुद्धा गेलो नाही.

दुकान बंद केलं तेव्हा वाटलं, आता संपलं. पण गेल्या मे महिन्यात वसुधाबाईंचा फोन आला. आवाज थकलेला, पण ओळखीचा. त्या आता निवृत्त झाल्यात, बोटांना वाताचा त्रास, तारा दाबवत नाहीत. पुण्याला त्यांची भाची शिकते, तिला गिटार हवीय. "ती नवी घेऊ म्हणतेय. मी म्हटलं, माझी घे. मग म्हटलं, भाऊंनाच बोलवावं. एकदा बघून सांगता का?"

दुपारी दोनला रिक्षानं गेलो. ऊन असं की रस्त्यावर कुत्रं नव्हतं. दार उघडून बाई म्हणाल्या, "अरे, एवढ्या उन्हात? संध्याकाळी यायचं ना." पुढच्या खोलीत एक कॉट, दोन खुर्च्या, भिंतीवर गिटार. डोक्यावर पंखा गरम हवा ढवळत होता. दोन मिनिटांत माझा सदरा पाठीला चिकटला.

गिटार काढून त्यांनी माझ्या मांडीवर ठेवली. काय जपली होती! एका पडद्यालासुद्धा गंज नाही. मी डोळा मिटून मानेवरून बघितलं, सरळ. घोडी पक्की. पट्ट्या बसवलेला सांधा इतक्या वर्षांत केसभरही हलला नव्हता.

"चांगली आहे," मी म्हणालो. "नव्यात अशी मिळायची नाही."

"मी भाचीला फोनवर सगळं सांगून टाकलंय हं," बाई म्हणाल्या. "म्हटलं, एकदा मोडली होती, माझ्या निष्काळजीपणानं. कूलरमध्ये ठेवली म्हणून. वस्तू देताना तिचा दोष लपवू नये."

मी गिटार खाली ठेवली. मग सांगितलं. ती माझ्याकडं मोडूनच आली होती, मी पट्ट्या बसवल्या नव्हत्या, जोड पॉलिशखाली झाकला होता, आणि दुकानात चार माणसं बघत होती म्हणून कूलरच्या माथी मारलं. तुमची चूक कधीच नव्हती. हे सगळं मी एका दमात बोललो, कारण मध्ये थांबलो असतो तर पुढचं आलं नसतं.

बाईंनी पदरानं तोंड पुसलं. मग म्हणाल्या, "स्पर्धेचं काही नाही हो भाऊ. ते गेलं. शाळेतलंही गेलं." त्यांनी कॉटकडं बघितलं. "आई इथं असायची. मार्च संपला की म्हणायची, वसू, घ्यायचा का गं परत कूलर? मी म्हणायची, आई, गिटारला सोसत नाही. मग ती ओला पंचा छातीवर टाकून पडून राहायची. गंमत करायची, म्हणायची, पुढच्या जन्मी मी गिटार होईन, मग तरी जपशील. शेवटचे दोन-तीन उन्हाळे तर तिनं विचारलंच नाही."

मी म्हणालो, "बाई, मला माफ करा." म्हणताना माझं मलाच ते हलकं वाटलं. माफ करायला जी हवी होती ती त्या कॉटवर नव्हती.

त्या उठल्या, मला वाटलं आता दार दाखवतील. पण त्यांनी आतून पाणी आणलं, तांब्या माझ्यापुढं ठेवला आणि म्हणाल्या, "ऊन उतरल्याशिवाय निघू नका. या वयात काही व्हायचं." आणि समोर बसून राहिल्या. आम्ही बसलो. घाम गळ्यावरून छातीवर येत होता, मी पुसला नाही. साडेचारच्या सुमाराला त्यांनी मोबाइल उचलला आणि भाचीला लावला.

"हं, मी बोलतेय. तू नवीच घे गं. ... नाही, ही नको. ... हो, दुकानात जाऊन, स्वतः हातात घेऊन बघ." मग पलीकडून काहीतरी विचारलं असावं. 

"नाही, भाऊंना नको विचारूस," त्या म्हणाल्या. "तूच बघ."

मी समोरच्या खुर्चीवर बसलेलो होतो.